महागडा गेम कंट्रोलर घ्यायचा की नाही, हे ठरवण्याचा योग्य क्रम

बहुतेक जण हा निर्णय उलटा घेतात. आधी कंट्रोलर आवडतो, मग ऑफर सापडते, आणि डबा घरी आल्यावर प्रश्न पडतो की आपण जे खेळतो त्यात मागच्या बटणांना काम तरी काय. क्रम सुलटा केला तर निम्म्या लोकांना काहीच विकत घ्यावं लागत नाही, आणि उरलेल्यांतल्या बऱ्याच जणांचं भागतं ते चार-पाच हजारांत.

या लेखात 'साधा' म्हणजे कन्सोलसोबत येणारा किंवा त्याच जातीचा कंट्रोलर. 'मधला' म्हणजे तीन ते पाच हजारांतला, चुंबकी स्टिक आणि एखाद-दोन मागची बटणं असलेला. 'महागडा' म्हणजे बारा हजारांच्या वरचा: ड्युअलसेन्स एज, एक्सबॉक्स एलिट सिरीज २, रेझर वुल्व्हरिन व्ही ३ प्रो या पंगतीतला.

## तयारी: कागदावर चार ओळी

दुकानात जाण्याआधी, व्हिडिओ बघण्याआधी, हे लिहून काढा.

१. कोणत्या मशीनवर खेळता: पीएस ५, एक्सबॉक्स, पीसी, की मोबाइल.
२. गेल्या महिन्यात सर्वांत जास्त खेळलेले तीन गेम आणि त्यांचे तास. आठवणीवर जाऊ नका. स्टीम (पीसी गेमचं ऑनलाइन दुकान), पीएस ५ आणि एक्सबॉक्स तिन्ही ठिकाणी खेळलेले तास प्रोफाइलमध्ये दिसतात.
३. सध्याच्या कंट्रोलरबद्दलची तक्रार, एका वाक्यात.
४. या कामासाठी जास्तीत जास्त किती रुपये.

तिसऱ्या ओळीत सगळी गंमत आहे. 'उडी मारताना अंगठा उचलावा लागतो आणि नेम हलतो' ही तक्रार झाली. 'स्टिक आपोआप डावीकडे जाते' हीही झाली. 'आता जरा चांगलं काहीतरी घ्यावं' ही तक्रार नव्हे, तो बोनसचा परिणाम आहे.

इथे थांबा: तिसरी ओळ रिकामी राहिली असेल तर पुढचं वाचायला हरकत नाही, पण पाकीट घरीच ठेवा.

## टप्पा १: दुखणं कंट्रोलरचं की टीव्हीचं?

'बटण दाबल्यावर उशिरा उडी मारतो' या तक्रारीचं मूळ पुष्कळदा कंट्रोलरमध्ये नसतंच. टीव्ही चित्र सुधारण्यासाठी जी प्रक्रिया करतो, तिच्यात वेळ जातो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' शोधा आणि ज्या एचडीएमआय पोर्टला कन्सोल लावलाय त्याच पोर्टसाठी तो चालू करा. काही टीव्हींवर प्रत्येक पोर्टची सेटिंग वेगळी असते. लोक एका पोर्टवर चालू करतात, कन्सोल दुसऱ्याला लावतात आणि म्हणतात फरक पडला नाही.

दुसरा संशयित ब्लूटूथ. पीसीच्या कॅबिनेटमागे ब्लूटूथचा किंवा २.४ गिगाहर्ट्झचा डोंगल असेल आणि शेजारच्याच यूएसबी ३ पोर्टमध्ये हार्ड डिस्क लावली असेल, तर त्या पोर्टचा रेडिओ गोंगाट नेमका याच पट्ट्यात येतो. डोंगल यूएसबी एक्स्टेंशन केबलनं फूट-दीड फूट दूर, समोर नजरेच्या रेषेत आणा.

तपासणी: कंट्रोलर केबलनं जोडून तोच गेम अर्धा तास खेळा. उशीर गेला तर दोष वायरलेसचा. उशीर तसाच राहिला तर टीव्हीचा किंवा गेमचा. महागडा कंट्रोलर या दुसऱ्या प्रकारात काहीच करू शकत नाही.

## टप्पा २: हातातला कंट्रोलर मोजा

आता स्टिकचा हिशोब. विंडोजवर 'विंडोज' आणि 'आर' ही बटणं दाबून येणाऱ्या खिडकीत जॉय डॉट सीपीएल टाइप केलं की जुनी, साधी तपासणी उघडते. त्यापेक्षा ब्राउझरमध्ये चालणारा गेमपॅड टेस्टर बरा, कारण तो आकडे दाखवतो. स्टिकची प्रत्येक दिशा उणे १ ते अधिक १ अशी मोजली जाते आणि मधोमध ० असायला हवा.

१. कंट्रोलर केबलनं जोडा आणि टेबलावर ठेवा. दहा सेकंद हात लावू नका. दोन स्टिकचे दोन-दोन, असे चारही आकडे टिपा.
२. प्रत्येक स्टिक वर, खाली, डावीकडे, उजवीकडे दहा-दहा वेळा ढकलून एकदम सोडा. दरवेळी कुठे परतते ते बघा.
३. स्टिक काठावरून हळू गोल फिरवा. मध्येच आकडा उडी मारतो का ते बघा.

०.०५ पर्यंतचा फरक सोडून द्या. ०.०५ ते ०.१० असेल तर गेममधला डेडझोन (मधल्या भागातली स्टिकची जी हालचाल गेम सोडून देतो ती मर्यादा) एक-दोन पायऱ्या वाढवला की भागतं. ०.१० च्या वर असेल किंवा हात न लावता आकडा नाचत असेल, तर ड्रिफ्ट आहे. हे आकडे कुठला सरकारी मापदंड नाहीत, पण निर्णयाला पुरेसे आहेत.

ड्रिफ्ट का होतो हे कळलं की पुढची निम्मी जाहिरात आपोआप गळून पडते. साध्या स्टिकच्या आत कार्बनचा पट्टा असतो आणि त्यावर धातूची बारीक पाती घासत फिरते. पट्टा झिजतो, भुकटी साठते, आणि सोडून दिलेली स्टिकही मशीनला 'मी जरा डावीकडे आहे' असं सांगू लागते.

फेकण्याआधी एकदा साफ करून बघा. कंट्रोलर बंद करा. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन-तीन थेंब स्टिकच्या बुडाशी सोडा, तीसेक वेळा गोल फिरवा आणि अर्धा तास वाळू द्या. मेडिकलमधलं सॅनिटायझर वापरू नका. त्यात पाणी असतं, अनेकदा ग्लिसरीनही, आणि ते आत चिकट थर ठेवून जातं. साफसफाईचा गुण महिनाभर टिकला तरी फायदाच, कारण तेवढ्यात पुढचे टप्पे निवांत होतात.

दुरुस्तीचाही पर्याय आहे. स्टिकचं जुनं मॉड्यूल (आतला सुटा भाग) काढून चुंबकी मॉड्यूल बसवता येतं, पण एका स्टिकला साधारण १४ ठिकाणी झाळकाम असतं. दुरुस्तीवाल्याला दोन प्रश्न विचारा: कोणतं मॉड्यूल बसवणार, आणि बसवल्यावर कॅलिब्रेशन (स्टिकचा मध्य आणि टोकं पुन्हा जुळवणं) कशावर करून देणार? दुसऱ्या प्रश्नावर 'त्याची गरज नसते' असं उत्तर आलं तर कंट्रोलर परत खिशात घाला.

## टप्पा ३: मशीनशी जुळतो का, ते आधी

किमतीच्या आधी हे तपासायचं असतं. न जुळणारा कंट्रोलर फुकट मिळाला तरी महागच.

एक्सबॉक्स: डब्यावर एक्सबॉक्सचा अधिकृत परवाना हवा. मायक्रोसॉफ्टनं नोव्हेंबर २०२३ पासून विनापरवाना सामान कन्सोलवर अडवायला सुरुवात केली. पीसीवर झकास चालणारा कंट्रोलर एक्सबॉक्सवर नुसता एरर दाखवू शकतो.

पीएस ५: पीएस ५ चे गेम खेळायला ड्युअलसेन्स (पीएस ५ सोबत येणारा कंट्रोलर) किंवा अधिकृत परवान्याचा कंट्रोलर लागतो. जुना ड्युअलशॉक ४ जोडला जातो, पण तो पीएस ४ च्या गेमपुरताच. म्हणून पीएस ५ वाल्यांसाठी मधल्या किमतीची निवड फार तोकडी आहे, आणि महागड्याचा विचार करायला त्यांना खरंच थोडं जास्त कारण आहे.

पीसी: सर्वांत मोकळं रान. मात्र विंडोजची एक्सइनपुट ही पद्धत मागची बटणं आणि जायरो (कंट्रोलर तिरका केल्याचं ओळखणारा सेन्सर) ओळखतच नाही. ती वापरायची तर स्टीम इनपुट किंवा कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं. स्टीमबाहेरचे गेम खेळत असाल तर हे आधी बघा.

मोबाइल: बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) हा गेम कंट्रोलर ओळखत नाही, आणि बटणं स्क्रीनवर चिकटवणारी अॅप वापरली तर खातं बंद होण्याचा धोका असतो. कॉल ऑफ ड्यूटी मोबाइलमध्ये कंट्रोलर चालतो. फक्त बीजीएमआयसाठी कंट्रोलर बघत असाल, तर लेख इथेच संपवा.

सावधान: हेडफोनचा जॅक दिसतो म्हणून तो वायरलेसवरही चालेल असं नाही. काही कंट्रोलरमध्ये जॅक फक्त केबल लावल्यावर जागा होतो, आणि ही ओळ डब्यावर सर्वांत बारीक अक्षरात असते.

## टप्पा ४: नेमक्या कोणत्या सोयीचे पैसे देताय?

महागडा कंट्रोलर ही एक वस्तू नाही, सहा-सात सोयींचं गाठोडं आहे. गाठोडं सोडा आणि एकेक वेगळी तोला.

### मागची बटणं

खरा पैसा इथे आहे. उजव्या अंगठ्याकडे दोन कामं असतात: कॅमेऱ्याची स्टिक आणि समोरची चार बटणं. उडी मारायला अंगठा स्टिकवरून उचलला की तेवढा वेळ नेम थांबतो. मागचं बटण ते काम मधल्या बोटाला देतं आणि अंगठा स्टिकवरच राहतो. म्हणजे फायदा कुठे? ज्या गेममध्ये एकाच क्षणी कॅमेरा फिरवायचा आणि बटणही दाबायचं असतं तिथे: नेमबाजीचे गेम, किंवा धावता धावता कॅमेरा सांभाळायचे एल्डन रिंगसारखे गेम. फुटबॉलमध्ये कॅमेरा स्वतःच फिरतो, तिथे ही बटणं बहुतेक झोपलेलीच राहतात. मारामारीच्या गेममध्ये डी-पॅडचा (दिशांच्या चार बटणांचा) दर्जा यापेक्षा दहापट महत्त्वाचा.

संख्येच्या मागे लागू नका. एलिट सिरीज २ ला चार पॅडल (मागची बटणं) आहेत, ड्युअलसेन्स एजला दोन. सुरुवातीला चारही लावली की पकड घट्ट होताच नको ते बटण दाबलं जातं. एलिटची पॅडल निघतात, तेव्हा दोन काढून ठेवा आणि महिनाभरानं बघा.

आणखी एक गैरसमज. कन्सोलवर मागची बटणं सहसा समोरच्याच एखाद्या बटणाची नक्कल करतात. गेमला 'नवीन चार बटणं' मिळत नाहीत.

### ट्रिगर स्टॉप

ट्रिगरचा, म्हणजे तर्जनीखालच्या खोल दाबायच्या बटणाचा, प्रवास लहान करणारी खुंटी. बंदुकीच्या गेममध्ये गोळी पटकन सुटते. गाड्यांच्या गेममध्ये हीच सोय घात करते, कारण तिथे ट्रिगर म्हणजे अॅक्सिलरेटर: प्रवासच कापला तर अर्धा गॅस देणार कसा? दोन्ही प्रकार खेळत असाल तर खुंटी बाहेरून, एका बोटानं बदलता येते का ते बघा.

### स्टिकची उंची आणि ताण

उंच स्टिकला तेवढाच कोन गाठायला अंगठा जास्त सरकवावा लागतो, म्हणून बारीक नेम सोपा होतो आणि झटका अवघड. उजवी उंच, डावी आखूड ही बरी सुरुवात. ही सोय चांगली आहे, पण उंच रबरी टोप्या वेगळ्या मिळतात आणि त्या दोन-चारशे रुपयांच्या आत येतात. ताण बदलण्याची सोय मात्र टोपीनं येत नाही.

### चुंबकी स्टिक: हॉल आणि टीएमआर

इथे ग्राहक सर्वांत जास्त फसतात, आणि दुकानदारानं फसवण्याचीही गरज पडत नाही. समजूत अशी की महागडा कंट्रोलर म्हणजे ड्रिफ्ट नाही. एलिट सिरीज २ आणि ड्युअलसेन्स एज दोन्हींत तीच घासणाऱ्या पातीची जुनी स्टिक आहे. एजमध्ये स्टिकचं अख्खं मॉड्यूल काढून नवं बसवता येतं. म्हणजे ड्रिफ्ट होणार हे गृहीत धरून कंपनीनं इलाज दिलाय, आणि इलाज वेगळा विकत घ्यायचा आहे.

हॉल स्टिकमध्ये चुंबक फिरतं आणि सेन्सर न शिवता ते ओळखतो. घासायला काही नाही, म्हणून झीज नाही. टीएमआर हा त्याच जातीचा, कमी वीज खाणारा प्रकार. हे पाच हजारांच्या आतल्या कंट्रोलरमध्येही मिळतं. उदाहरणार्थ, गेमसर जी ७ एसई केबलवाला आहे, त्याला एक्सबॉक्सचा परवाना आहे, हॉल स्टिक आहेत आणि मागे दोन बटणं आहेत. चुंबकी स्टिकनं स्प्रिंग, रबरी टोपी आणि बटणं अमर होत नाहीत, हेही ध्यानात ठेवा.

तुमची तक्रार फक्त ड्रिफ्टची असेल तर निर्णय झाला. मधला घ्या, आणि पीएस ५ असेल तर दुरुस्ती किंवा नवा साधा. अठरा हजारांचा रस्ता तुमचा नाही.

### पोलिंग रेट

१००० हर्ट्झ म्हणजे कंट्रोलरकडून मशीनला दर १ मिलिसेकंदाला एक निरोप, २५० म्हणजे दर ४, १२५ म्हणजे दर ८. साठ हर्ट्झच्या टीव्हीवर एक चित्रच सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकतं. अशा टीव्हीवर या आकड्यासाठी जादा पैसे देऊ नका. १४४ हर्ट्झच्या वरचा मॉनिटर असेल तर विचार करा.

### बॅटरी

महागड्यात बॅटरी मोठीच असणार, हाही भ्रम. साध्या ड्युअलसेन्सची बॅटरी १,५६० एमएएच, एजची १,०५०. एलिट सिरीज २ ला कंपनी ४० तासांपर्यंत सांगते, पण ती बॅटरी आत बसवलेली आहे. साध्या एक्सबॉक्स कंट्रोलरचे दोन पेन्सिल सेल संपले तर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळतात.

रंगीत दिव्यांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

तपासणी: वरच्या प्रत्येक सोयीसमोर तुमच्या तीन गेमपैकी एकाचं नाव आणि त्यातली एक ठरावीक हालचाल लिहा. ज्या सोयीसमोर काही लिहिता येत नाही तिची किंमत शून्य धरा. एकच सोय उरली असेल तर ती मधल्या कंट्रोलरमध्ये मिळते का बघा. तीन किंवा जास्त उरल्या तरच पुढे महागड्याची बाजू उघडी ठेवा.

## टप्पा ५: पंधरा दिवसांची फुकट चाचणी

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात. मागची बटणं विकत घेण्याआधी त्यांचं काम आहे त्याच कंट्रोलरवर करून बघता येतं.

१. गेमच्या सेटिंगमध्ये 'बंपर जम्पर' नावाची मांडणी असते का बघा. तिच्यात उडी डाव्या बंपरवर (ट्रिगरच्या वरच्या बटणावर) जाते आणि उजवा अंगठा स्टिकवरच राहतो.
२. ती नसेल तर बटणांची अदलाबदल मशीनमध्ये करा. पीएस ५ वर ती अॅक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये, एक्सबॉक्सवर अॅक्सेसरीज अॅपमध्ये, पीसीवर स्टीमच्या कंट्रोलर सेटिंगमध्ये आहे.
३. बदलण्याआधी मोजमाप घ्या. सरावाच्या मैदानात उडी मारता मारता वळून लक्ष्य टिपायचं, असे वीस प्रयत्न. किती लागले ते लिहा.
४. मांडणी बदला. रोज एक तास, पंधरा दिवस. संवेदनशीलता, डेडझोन, बाकी काहीही बदलू नका.
५. सोळाव्या दिवशी तेच वीस प्रयत्न.

पहिले तीन-चार दिवस आकडा पडेल. बोटांची सवय मोडते तेव्हा तसंच होतं, म्हणून मित्राचा एलिट दोन संध्याकाळी वापरून 'मजा नाही आली' किंवा 'काय भारी आहे' असं ठरवू नका. दोन्ही मतं सारखीच कच्ची.

निकाल असा वाचा. आकडा वाढला आणि बंपरवरची उडी सोयीची वाटली, तर काम फुकटात झालं, काही घेऊ नका. आकडा वाढला पण बंपरचं मूळ काम अडायला लागलं, तर मागची बटणं तुम्हाला खरंच उपयोगी पडतील. आकडा जागचा हलला नाही, तर अडचण अंगठ्याची नाहीच.

## टप्पा ६: तासाचा भाव काढा

दुकानातल्या किमती वरखाली होतात, म्हणून हिशोबाची रीत शिका आणि त्या दिवशीचे आकडे टाका. ड्युअलसेन्स एज भारतात २०२३ साली १८,९९० रुपयांना आला. साधा ड्युअलसेन्स सुरुवातीला ५,९९० ला होता. तेच धरू.

आठवड्याला दहा तास खेळणारा माणूस वर्षाला ५२० तास खेळतो, तीन वर्षांत १,५६०.

महागडा: १८,९९० अधिक मधल्या काळात बदललेली दोन मॉड्यूल, समजा ४,००० रुपयांची. एकूण २२,९९०. तासाला सुमारे १४ रुपये ७५ पैसे.

साधा: तीन वर्षांत दोन लागले असं धरा. ११,९८०. तासाला ७ रुपये ७० पैशांच्या आसपास.

मधला: ४,५०० चा, आणि तोही एकदा बदलावा लागला असं धरा. ९,०००. तासाला पावणेसहा रुपये.

साध्यापेक्षा महागडा तासाला सात रुपये जास्त पडतो. पाचव्या टप्प्यात ज्याला खरा फायदा दिसला त्याला सात रुपये काहीच नाहीत. पण आठवड्याला दोनच तास खेळणाऱ्यानं हाच हिशोब करावा. तीन वर्षांत ३१२ तास. मॉड्यूल न बदलताही एज तासाला ६१ रुपये, आणि एकच साधा कंट्रोलर १९ रुपये.

हिशोबात होणाऱ्या चुका:
- जुना विकून येणारे पैसे आधीच वजा करणं. ड्रिफ्ट असलेल्या कंट्रोलरला नागपूरच्या बर्डीत (सीताबर्डी बाजारात) कुणी मनासारखा भाव देत नाही.
- 'नो कॉस्ट' हप्ता म्हणजे बिनखर्चाचा समजणं. प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरचा जीएसटी कार्डाच्या बिलात दिसतो.
- दुबईहून किंवा परदेशातून आणलेल्या मालाची किंमत भारतीय वॉरंटीवाल्या मालाशी लावणं. बिघडला की तो पूर्ण तुमचा.

वॉरंटी म्हणजे हिशोबाचाच भाग. एलिट सिरीज २ आला तेव्हा त्यावर ९० दिवसांची वॉरंटी होती. तक्रारी वाढल्यावर मायक्रोसॉफ्टनं २०२० मध्ये ती एक वर्षाची केली. एवढ्या किमतीच्या वस्तूवर एका वर्षापेक्षा कमी लेखी वॉरंटी असेल तर सौदा सोडा. आणि हेही विचारा की बिघडल्यावर माल नागपुरात जमा होतो की स्वखर्चानं कुरियर करावा लागतो.

## टप्पा ७: दुकानात काय बघायचं

बर्डीत मोदी नंबरच्या गल्ल्या पालथ्या घाला, सदर-धरमपेठला जा, किंवा ऑनलाइन मागवा. पण एकदा तरी तो प्रकार हातात धरल्याशिवाय पैसे देऊ नका. डेमो नसेल तर ज्याच्याकडे आहे अशा मित्राकडे किंवा गेमिंग कॅफेत.

१. दहा मिनिटं धरा, दोन नाही. ड्युअलसेन्स सुमारे २८० ग्रॅमचा, एलिट सिरीज २ सुमारे ३४५ ग्रॅमचा. फरक दुसऱ्या तासाला मनगटात जाणवतो.
२. पकड न बदलता मधलं बोट मागच्या बटणावर येतं का? बोट शोधावं लागत असेल तर तुमच्या हातासाठी आकार चुकीचा.
३. पॅडल दाबताना ट्रिगरवरचं बोट सैल पडतं का?
४. पकडीवरचं रबर कडेनं उचललेलं आहे का, नखानं हलकेच बघा.
५. दोन्ही बंपर टोकाला आणि मुळाशी दाबा. दोन्हीकडे सारखा आवाज यावा.

आता डबा. आयात मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी आणि महिना-वर्ष छापलेलं असायला हवं. ते नसेल तर माल मागच्या दारानं आलाय. डब्यावरचा आणि कंट्रोलरवरचा सीरियल नंबर जुळवा आणि बिलावर तोच लिहून घ्या. पक्कं जीएसटी बिल घ्या. 'बिलाशिवाय हजार कमी' हे वाक्य ऐकलं की वॉरंटीची किंमत हजार रुपये झाली असं समजा.

विचारून घ्या, पैसे देण्याआधी: डबा उघडल्यावर दोष निघाला तर दुकान बदलून देणार की कंपनीकडे पाठवणार? उत्तर बिलावर लिहून मागा. नंतर वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, पण तिथेही पहिला प्रश्न बिलाचाच येतो.

## टप्पा ८: पहिले सात दिवस

ऑनलाइन मागवला असेल तर पार्सलच्या पत्त्याच्या चिठ्ठीपासून सीरियल नंबरपर्यंत एकसलग व्हिडिओ काढा. मध्ये कट नको.

१. अपडेट करण्याआधी टप्पा २ ची मोजणी जशीच्या तशी करा आणि आकड्यांचा फोटो ठेवा. मग फर्मवेअर (कंट्रोलरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा आणि पुन्हा मोजा. दोष वस्तूत होता की सॉफ्टवेअरमध्ये, हे असंच कळतं.
२. टेस्टरमध्ये स्टिक काठावरून फिरवून तिची गोलाई बघा. साध्या जातीच्या स्टिकमध्ये चूक दहा टक्क्यांच्या आसपास दिसली तरी दोष समजू नका. आकडा गोलाच्या किंचित बाहेर जाणं चालतं. आत राहणं चालत नाही, कारण मग गेममध्ये पूर्ण वेग मिळतच नाही.
३. दोन्ही ट्रिगर ० पासून १ पर्यंत सलग जातात का, आणि सोडल्यावर ० वर येतात का.
४. प्रत्येक बटण पन्नास वेळा दाबा आणि दरवेळी नोंद एकच होते ना ते बघा. एका दाबात दोन नोंदी म्हणजे सरळ बदलून मागा.
५. तुम्ही खरोखर जिथे बसता त्या अंतरावरून वायरलेस अर्धा तास.
६. बॅटरी पूर्ण भरून किती तास चालते ते एकदा मोजा.

सातही दिवस रोज खेळा. वस्तू वाढदिवसासाठी महिनाभर आधी घेऊन कपाटात ठेवणं ही घरोघरी होणारी चूक आहे. डबा उघडेपर्यंत बदलीची मुदत गेलेली असते.

सेटिंग बदलताना एका वेळी एकच. आधी डेडझोन: शून्यापासून सुरू करून वाढवत जा, नेम आपोआप हलायचा थांबला की थांबा, तिथून एक पायरी वर. दोन दिवसांनी मागची बटणं. ट्रिगर स्टॉप सर्वांत शेवटी. पहिल्याच रात्री सगळं फिरवलं की काय बिघडलं ते सापडत नाही.

## टप्पा ९: नागपूरचा उन्हाळा

लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांपर्यंतच चार्ज करायची असते. मे अखेरीस सुरू होणाऱ्या नवतपात, म्हणजे कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, आपल्याकडे बाहेरचंच तापमान तिथे पोहोचतं. दुपारी बंद कारमध्ये किंवा स्कूटरच्या डिकीत तर त्याहून कितीतरी वर. उन्हातून आणलेला कंट्रोलर आधी तासभर खोलीत निवू द्या, मग चार्जिंगला लावा. तापलेल्या कन्सोलच्या डोक्यावर ठेवून चार्ज करू नका.

कूलरची हवा ओली असते. त्याच्या थेट झोतात कंट्रोलर ठेवू नका, आणि खेळून झाल्यावर पकडीवरचा घाम कोरड्या कापडानं पुसा. घाम आणि ओलाव्यानं चिकटवलेलं रबर सुटतं. महागड्या कंट्रोलरच्या पकडीवर रबरच जास्त असतं.

तर्री-पोहे खाऊन तशाच बोटांनी खेळणाऱ्याला वेगळं सांगायला नको. पण संत्र्याबद्दल सांगायला हवं: सालीतलं तेल काही रबर-प्लास्टिकला मऊ करतं. सोलून झाल्यावर हात साबणानं धुवा, नुसते झटकू नका.

सुट्टीत महिनाभर गावी जाणार असाल तर बॅटरी निम्मी भरलेली ठेवा, ट्रिगर स्टॉप मोकळा करा आणि कंट्रोलर कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवा. वरच्या मजल्यावरच्या घरात स्लॅबजवळचा कप्पा मे महिन्यात भट्टी होतो.